कोळंबी वातड, सॉस कडवट: संत्रं-लिंबाच्या तिखट पॅन सॉसमध्ये नेमकं काय बिघडतं

ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं आणि एरवी बाजारभावाच्या रकान्यात राहणारी कोळंबी पहिल्या पानावर आली. आपल्याकडून बाहेर जाणाऱ्या सागरी मालात सर्वांत मोठा वाटा गोठवलेल्या कोळंबीचा, आणि तिचं मोठं गिऱ्हाईक अमेरिका. त्याच जातीची साफ केलेली, पाकीटबंद कोळंबी आता समुद्रापासून दूरच्या शहरांतही दुकानाच्या फ्रीजरमध्ये दिसते. पाकीट घरी येतं आणि त्याच्या पाठोपाठ मोबाइलवर पाहिलेली एखादी कृती: लसूण, मिरची, संत्र्याचा रस, लिंबू, लोणी, दहा मिनिटांत तयार. पुष्कळ घरांत प्रत्यक्ष ताटात पडते ती मात्र वातड कोळंबी, आणि तिच्याभोवती तेल सुटलेला कडवट सॉस.

याचं मूळ बहुतेक वेळा आपल्या कालवणाच्या सवयीत असतं. कालवणात वाटण, आंबट आणि कोळंबी एकाच पातेल्यात जातात, एक उकळी येते आणि काम झालं. पॅन सॉस म्हणजे ज्या भांड्यात मासळी परतली, त्याच्याच तळाला धरलेला तपकिरी थर रसाने सोडवून केलेलं दाटसर तोंडीलावणं. तिथे आच, तिखट आणि आंबट या तिघांची वेळ वेगवेगळी असते. कोळंबी आणि सॉस स्वतंत्र तयार होतात आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात एकत्र येतात. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

कोळंबी इतक्या पटकन आखडते कशी?

कोळंबीचं मांस म्हणजे पाणी धरून ठेवलेले प्रथिनांचे बारीक धागे. तापमान ५० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की मायोसिन नावाचं प्रथिन घट्ट होऊ लागतं. मांस अपारदर्शक होतं, दाताला लुसलुशीत पण भरीव लागतं. आपल्याला हवी ती हीच अवस्था. तापमान ६५ ते ७० अंशांच्या पुढे गेलं की दुसरं प्रथिन, अ‍ॅक्टिन, आवळतं आणि ओलं फडकं पिळावं तसं आतलं पाणी बाहेर पडतं. ते पाणी परत आत जात नाही. कोळंबी आणखी शिजवली की मऊ होईल, ही आशा मटणाच्या अनुभवातून येते. मटणात चिवट संयोजी ऊती भरपूर असतात आणि त्या तासाभराने विरघळतात. कोळंबीत विरघळण्याजोगं तसं फारसं नसतंच.

मध्यम आकाराच्या एका कोळंबीचं वजन जेमतेम १६ ग्रॅम. गरम भांड्यात तिला योग्य ते जास्त शिजलेली व्हायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागत नाही.

रंगावर मात्र भरवसा ठेवू नका. तो गुलाबी-केशरी रंग, अ‍ॅस्टाझँथिन, कोळंबीत आधीपासून असतो, फक्त प्रथिनाला बांधलेला असल्यामुळे करडा दिसतो. उष्णतेने तो मोकळा होतो. रंग पालटला म्हणजे पृष्ठभाग तापला, एवढंच. आतली खबर बघायची तर काळा धागा काढायला पाठीवर जिथे चीर दिली तिथे, जाड टोकाकडे पाहा. तिथला काचेसारखा पारदर्शकपणा जवळजवळ गेला आणि मधोमध एक धूसर रेघ उरली की बाहेर काढा. उरलेलं शिजणं ताटलीत, स्वतःच्याच उष्णतेवर होतं. अर्धगोल वाकलेली कोळंबी बरोबर असते. शेपूट डोक्याच्या टोकाला टेकून पूर्ण वर्तुळ झालं असेल, तर ती हातची गेली.

पाकिटावरचे आकडे आणि पाकिटातलं पाणी

पाकिटावर २६/३० असं लिहिलेलं असतं. एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, २६ ते ३० नग बसतात असा त्याचा अर्थ. आकडा लहान तितकी कोळंबी मोठी. शेततळ्यावरचा भाव मात्र किलोमागच्या नगांवर ठरतो, त्यामुळे बातमीतला ‘३० काउंट’ आणि पाकिटावरचा ३० यांची सांगड घालू नका. या सॉससाठी २१/२५ किंवा २६/३० आकार उत्तम. करंदी, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, घेऊ नका. तिच्या पृष्ठभागाला रंग येईपर्यंत आतून ती कधीच जास्त शिजलेली असते.

पाकिटातली बहुतेक कोळंबी व्हेनामी जातीची असते. मूळची ती लॅटिन अमेरिकेच्या प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरची. भारतात तिच्या व्यावसायिक संवर्धनाला २००९मध्ये परवानगी मिळाली. चव सौम्य, किंचित गोडसर, त्यामुळे संत्र्याशी तिचं चांगलं जमतं. प्रत्येक नगावर बर्फाचा पातळ थर दिलेला असतो, म्हणून वजन बर्फ वितळल्यावर करा.

मागच्या बाजूची घटकांची यादी जरूर वाचा. सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट किंवा ई ४५१ लिहिलं असेल, तर त्या कोळंबीला पाणी धरून ठेवण्यासाठी फॉस्फेटच्या द्रावणात भिजवलेलं आहे. ते अपायकारक म्हणून सांगत नाही. पण भांड्यात ते पाणी सुटतं, आणि सगळी अडचण तिथून सुरू होते. मोकळं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. तळाशी पाणी आहे तोवर कोळंबी उकडत राहते, आणि चांगला तपकिरी थर यायला तर १४० अंशांच्या आसपास तापमान लागतं. पाणी आटेपर्यंत थांबलात तर थर येईल, पण कोळंबी तोवर वातड झालेली असेल.

गोठलेली कोळंबी रात्रभर फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवून वितळवा. घाई असेल तर पिशवी घट्ट बांधून थंड पाण्यात अर्धा तास. कोमट पाणी नको, त्याने बाहेरचा भाग तापतो आणि आत बर्फ राहतो. मग फडक्याने किंवा टिश्यूने टिपा. ‘पाणी निथळून घ्या’ एवढ्यावर भागत नाही. हाताला चिकट लागेल, ओली लागणार नाही, इतकी कोरडी हवी.

बाजारातून ताजी आणली असेल तर घरी येताच डोकी काढा. डोक्यातल्या पाचक ग्रंथीतले एन्झाइम मांस पोखरू लागतात आणि मानेकडचा भाग पिठूळ होतो. काळा धागा म्हणजे तिचं आतडं. खाल्ल्याने बिघडत नाही, पण त्यातली वाळू दाताखाली येते, तेव्हा काढाच. कवचं आणि डोकी मात्र टाकू नका. या सॉसचा अर्धा जीव त्यांच्यात आहे.

लिंबू आधी लावायचं नाही? मग वास कसा जाणार?

हळद, मीठ आणि लिंबू लावून अर्धा तास मुरवणं ही आपल्याकडची रूढ रीत, आणि कालवणात किंवा रव्यात घोळून तळण्यात ती खपूनही जाते. इथे ती नडते. लिंबाचा रस इतका आंबट असतो की तो उष्णतेशिवायही प्रथिनं गोठवतो. पेरू देशातलं सेविचे, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेली कच्ची मासळी, याच गुणावर उभं आहे. अर्धा तास लिंबात राहिलेली कोळंबी बाहेरून आधीच पांढरी, घट्ट झालेली असते. त्यावर पुन्हा आच लागली की कडा खडूसारख्या कोरड्या होतात. शिवाय रसाचा ओलावा तपकिरी थर येऊ देत नाही.

वासाबद्दल. मासळीचा उग्र वास अमाइन नावाच्या संयुगांमुळे येतो आणि आंबट त्यांना बांधून ठेवतं, हे खरं. पण तेच काम सॉसमधलं शेवटचं लिंबूही करतं. आधी फक्त मिठाच्या थंड पाण्यातून पटकन खळबळून घ्या आणि टिपा. कोळंबीला अमोनियाचा झोंबणारा वास येत असेल तर ती खराब झाली आहे. तिथे लिंबाने काहीही सुधारत नाही, ती टाकून द्या. कवचावरचे काळे ठिपके ही वेगळी गोष्ट. चिरलेलं सफरचंद ज्या प्रकारच्या क्रियेने काळं पडतं, तीच इथे होते. नुसत्या ठिपक्यांवरून कोळंबी वाईट ठरत नाही.

लिंबाच्या जागी काय लावायचं? अर्धा किलो सोललेल्या कोळंबीला पाऊण छोटा चमचा मीठ आणि पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा चोळून २० मिनिटं फ्रीजमध्ये. सोड्याचा परिणाम लिंबाच्या बरोबर उलट. मांसाची आम्लता घटते, धागे पाणी अधिक धरून ठेवतात आणि कोळंबी चावताना टचकन तुटते. पाव चमच्याच्या वर गेलात तर साबणाची चव येईल. पाकिटावर ई ४५१ असेल तर सोडा लावूच नका, मीठही निम्मं करा.

कोकम उकळलेलं चालतं, मग लिंबू का नाही?

कोकम आणि चिंच यांचं मुख्य काम आंबटपणा देण्याचं, आणि आंबटपणा उकळीने उडून जात नाही. म्हणून मालवणी कालवणात आमसुलं आधी टाकली तरी चालतात. लिंबाची, संत्र्याची ओळख मात्र सुगंधात आहे, आणि तो सुगंध चटकन उडणारा. त्यातला बराचसा सालीच्या वरच्या रंगीत थरातल्या तेलात असतो. पाच मिनिटं उकळलेल्या लिंबाच्या रसात आंबट उरतं, लिंबू उरत नाही, आणि वर कडवटपणा येतो. वरणभातावर लिंबू पानात पिळतात, पातेल्यात उकळत नाहीत, त्यात हेच शहाणपण आहे.

संत्र्याचं थोडं निराळं. त्यात साखर असते, म्हणून ते आटवल्याने सॉसला अंग येतं. त्याचा जो सुगंध उडतो तो शेवटी किसलेल्या सालीने परत आणायचा. किसताना फक्त रंगीत थर घ्या, खालचा पांढरा भाग कडू असतो. रस हाताने पिळा. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवलेला रस कडवट होणारच. मोसंबी आणि किन्नू यांचा रस काढून ठेवला तरी हळूहळू कडू होत जातो, आणि तापवल्यावर आणखी लवकर.

लसूण, आंबट फळ आणि स्निग्धाची ही जोडी कॅरिबियन बेटांवरही आहे. क्यूबाच्या मोहो सॉसमध्ये आंबट जातीचं संत्रं वापरतात. ते हाताशी नसलं की दोन भाग साध्या संत्र्याचा रस आणि एक भाग लिंबाचा, असं तिकडचे लोकही करतात. नागपुरी संत्र्याला हे प्रमाण बहाराप्रमाणे बदलावं लागतं. हिवाळ्याच्या सुमारास येणारी अंबिया बहाराची फळं आंबटगोड असतात, उन्हाळ्याच्या तोंडावरची मृग बहाराची अधिक गोड. खालच्या कृतीत संत्र्याचा रस आटून लहान होतो, म्हणून अंबियाला दीड कागदी लिंबू पुरतं आणि मृगाला दोन लागतात.

तिखट तेलात, कधी आणि किती

मिरचीचा जहालपणा देणारं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. संत्र्याच्या रसात वरून टाकलेलं तिखट म्हणूनच कच्चं आणि ठसकेदार लागतं. त्याला तेलात उमलू द्यावं लागतं, पण मंद आचेवर. धूर येणाऱ्या तेलात लाल तिखट दहा सेकंदांत करपतं आणि तो कडूपणा लोण्याने किंवा गुळाने झाकला जात नाही. असं झालं तर भांडं पुसून नव्याने सुरू करणंच बरं.

रंगासाठी ब्याडगी, जहालपणासाठी थोडी लवंगी किंवा संकेश्वरी. गरम मसाला, धणेपूड, कांदा-खोबऱ्याचं वाटण यातलं काहीही नको. संत्र्याचा सुगंध त्यांच्यापुढे टिकत नाही.

आता कृती, चार माणसांसाठी

सोललेली कोळंबी ५०० ग्रॅम, २६/३० आकाराची असेल तर साधारण २९ ते ३३ नग. तेल ३ मोठे चमचे, कवचं परतायची असतील तर आणखी एक. लसणाच्या ८ पाकळ्या बारीक चिरून. ब्याडगीचं तिखट २ छोटे चमचे, जहाल मिरचीची भरड अर्धा छोटा चमचा. संत्र्याचा रस १२० मिली, म्हणजे दोन ते तीन फळं. लिंबाचा रस २० ते २५ मिली. एका लिंबाची आणि अर्ध्या संत्र्याची किसलेली साल. थंड लोणी ४० ग्रॅम, चार तुकडे करून. मूठभर कोथिंबीर.

कवचं असतील तर आधी त्यांचं पाणी काढा. एक चमचा तेलात कवचं आणि डोकी तीन-चार मिनिटं खमंग परता, दीड वाटी पाणी घाला, १५ मिनिटं मंद उकळा, गाळा. साधारण १०० मिली हवं. कवचं नसतील तर साधं पाणी घ्या. चव एक पायरी खाली येते, पण सॉस होतो.

भांडं स्टीलचं, जाड बुडाचं आणि पसरट, २८ सेंटिमीटरच्या आसपास. नॉनस्टिकमध्ये तळाला थरच धरत नाही. लोखंडी कढई आणि साधं अ‍ॅल्युमिनियम आंबटाशी प्रतिक्रिया करतात, सॉसला धातूची चव येते आणि लोखंडात तो काळपटही होतो. भांडं चांगलं तापू द्या. पाण्याचा थेंब टाकला की तो न चिकटता गोळी होऊन पळाला पाहिजे. आता एक चमचा तेल आणि अर्धी कोळंबी, एकेक सुटी, एकाच थरात. सगळी एकदम घातली तर भांडं थंड पडतं आणि पाणी सुटतं. एक मिनिट तिला हलवू नका. पलटा, २० ते ३० सेकंद, आणि ताटलीत काढा. दुसरा घाणा तसाच. दोन्ही घाणे थोडे कच्चट वाटले पाहिजेत.

आच मंद करा आणि अर्धं मिनिट थांबा. उरलेलं तेल आणि लसूण घाला. लसूण पांढरट-सोनेरी झाला की पुरे, तांबूस झाला तर कडू होईल. तिखट आणि भरड घालून १५ सेकंद परता, लगेच संत्र्याचा रस आणि कवचांचं पाणी ओता. ओतताना भांडं आचेवरून बाजूला घ्या, नाहीतर तेल उडतं. आता आच मोठी. लाकडी उलथण्याने तळ खरवडत राहा, तो तपकिरी थर रसात मिसळला पाहिजे. पाच-सहा मिनिटांत सगळं आटून चार मोठे चमचे उरेल. उलथणं फिरवल्यावर तळाची रेघ क्षणभर उघडी राहते, ती खूण.

गॅस बंद करा. लोण्याचा एकेक तुकडा घालून भांडं गोल फिरवत राहा, आधीचा विरघळला की पुढचा. मग लिंबाचा रस, किसलेली साल, आणि ताटलीतली कोळंबी तिथे सुटलेल्या रसासकट. अर्धं मिनिट अगदी मंद आचेवर घोळवा. मीठ आता चाखून घाला, आधी नाही, कारण कोळंबीला आणि बहुधा लोण्यालाही ते आहे. कोथिंबीर पेरून लगेच वाढा. लादी पाव याच्यासोबत फार चांगला जातो, सॉस टिपायला. तांदळाची भाकरीही.

सॉस फुटला तर?

पाण्यात स्निग्धाचे सूक्ष्म थेंब न विरघळता अडकून राहतात, त्याला इमल्शन म्हणतात. लोण्यात ८० टक्के स्निग्ध, बाकी मुख्यतः पाणी आणि थोडी दुधाची प्रथिनं असतात, आणि तीच प्रथिनं थेंबांना एकमेकांपासून दूर ठेवतात. लोणी घातल्यावर सॉस उकळला किंवा फार आटला की ही घडी मोडते आणि तेल वर येतं. मिसळीवर तर्री हवीच, इथे मात्र तर्री दिसली म्हणजे सॉस फुटला. कोळंबी बाहेर काढा, भांडं आचेवरून उतरवा, एक मोठा चमचा थंड पाणी घालून जोरात फेटा. बहुतेक वेळा सॉस पुन्हा जुळून येतो. तूप वापरलं तर मात्र तो जुळणार नाही, कारण तुपात ना पाणी ना प्रथिनं.

इतक्या कमी वेळात शिजते, याची खात्री काय?

घरात गर्भवती, लहान मूल, वयस्कर किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल तर अंदाजावर राहू नका. अमेरिकी सरकारी मार्गदर्शनानुसार आतलं तापमान ६३ अंश सेल्सिअस झालं पाहिजे. टोकदार थर्मामीटर जाड भागात खुपसून पाहता येतं. ६३ अंशांना कोळंबी अजून रसाळच असते, म्हणजे सुरक्षितता आणि चव यांत इथे भांडण नाही. शेवटच्या घोळवण्यात अर्धं मिनिट वाढवलं की बहुधा तिथे पोचता येतं. आणि लिंबात मुरवल्याने जंतू मरतात, हा समज सोडून द्या. आंबट मांस पांढरं करतं, निर्जंतुक करत नाही. ज्यांना कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी तर कशीही शिजवलेली खाऊ नये. अ‍ॅलर्जी आणणारं मुख्य प्रथिन, ट्रोपोमायोसिन, उष्णतेने निकामी होत नाही.

कोळंबी आणि लिंबू एकत्र म्हणजे विष?

कोळंबीतलं आर्सेनिक आणि फळातलं व्हिटॅमिन सी मिळून पोटात जहाल विष बनतं, असा संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे आणि तो वाचून घाबरलेली माणसं खरी आहेत, म्हणून उत्तर नीट द्यायला हवं. समुद्री जिवांत आर्सेनिक असतं, हे बरोबर. पण त्यातलं बहुतेक आर्सेनोबिटेन या सेंद्रिय रूपात असतं. ते शरीरात विषारी रूपात बदलत नाही, जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर जातं. संदेशात ज्या रासायनिक बदलाचा उल्लेख असतो तो असेंद्रिय आर्सेनिकचा आहे, आणि त्यातून विषबाधा व्हायला लागेल इतकं असेंद्रिय आर्सेनिक ताटभर कोळंबीत नसतं. पेरूपासून कोकणापर्यंत किनाऱ्यावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या कोळंबीवर लिंबू पिळत आली आहेत.

लोणी नको असेल तर

मासळीसोबत दुधाचं काही नको, हे अनेक घरांत कसोशीने पाळतात. त्यांनी क्यूबाच्या मोहोचा मार्ग घ्यावा, त्यात लोणी नसतंच. लसणाच्या निम्म्या पाकळ्या मिठासोबत खलात अगदी मऊ वाटा आणि गॅस बंद केल्यावर दोन मोठे चमचे तेलासोबत सॉसमध्ये फेटा. वाटलेला लसूण तेल आणि रस बऱ्यापैकी बांधून ठेवतो. तीन मोठे चमचे दाट नारळाचं दूधही चालतं, घातल्यावर उकळू नका. मग संत्रं थोडं मागे हटतं आणि चव गोव्याकडे झुकते.

उरलेली कोळंबी पुन्हा गरम केली की वातड होणारच. वाढल्यापासून दोन तासांत, उन्हाळ्यात तासाभरात, झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी थंडच खा: चिरून, कांदा-काकडीत मिसळून, वर ताजं लिंबू पिळून.